नऊ वेळा दहावी

आमच्या गोदामित्र सेवा क्लबात चार डॉक्टर आहेत, तीन इंजिनियर, दोन सीए, एक वकील, एक प्राध्यापिका आणि टाइल्सचा मोठा धंदा असलेले अध्यक्ष मयूरशेठ. मी सचिव. सचिव म्हणजे हॉल उघडणारा, बॅनर सुतळीने बांधणारा आणि फोटोत अर्धा कापला जाणारा माणूस. माझं नाव मनोज, शालिमारला झेरॉक्सचं दुकान आहे. क्लबच्या फोटोंमध्ये माझा डावा कान तुम्हाला बऱ्याच ठिकाणी सापडेल.

हे सांगायचं कारण एवढंच, की इतक्या सगळ्या शिकलेल्या माणसांत त्या वर्षी एकही माणूस उपयोगाचा निघाला नाही.

झालं असं. दृष्टिहीन मुलांच्या एका वसतिगृहातून जानेवारीत पत्र आलं. दहावीला बसणाऱ्या मुलांना लेखनिक हवे होते. मूल तोंडाने उत्तर सांगणार, लेखनिकाने ते जसंच्या तसं कागदावर लिहायचं. बैठकीत अकरा हात वर झाले. प्राध्यापिका बाईंनी तर दोन्ही वर केले. मग मी पत्राचा उरलेला भाग वाचला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे, म्हणजे दहावीच्या पेपराला नववीपर्यंतच शिकलेला. अकरा हात हळूहळू खाली आले.

"आपल्यात कोणीच नापास नाही का?" मयूरशेठ म्हणाले. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले, पण कबूल कोणी होईना. नववीतली मुलं शोधावीत तर त्यांच्या आया म्हणायच्या, आमचीच परीक्षा तोंडावर आलीय. आठवडाभर मी फोन करत होतो. नाशिक शहरात कमी शिकलेला आणि चांगल्या अक्षराचा माणूस मिळवणं किती अवघड आहे, हे ज्याने शोधलंय त्यालाच माहीत.

त्याच आठवड्यात सव्वीस जानेवारीचे हार आणायला मी मखमलाबादला लताबाईंकडे गेलो. लताबाई आणि त्यांचे यजमान चिमाजी यांची अर्धा एकर फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडे निशिगंधाचे वाफे. हार घरच्या ओट्यावर ओवले जातात. लताबाईंची एक सवय होती. प्रत्येक हाराच्या पुडक्याला त्या एक चिठ्ठी टाचायच्या, हार कोणाच्या गळ्यात जाणार त्याच्या नावाची. म्हणजे पाहुण्यांचा जाडजूड हार चुकून सचिवाच्या गळ्यात जायला नको. त्या चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं फाडून फेकत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा अक्षर बघितलं. छापल्यासारखं अक्षर. वेलांट्या अशा, की माझ्या दुकानातल्या मशिनलाही तशा येणार नाहीत.

"लताबाई, तुमचं शिक्षण किती?" मी विचारलं.

लताबाईंनी सुई थांबवली. "हार न्यायला आले का पोरगी बघायला?"

"सांगा ना. महत्त्वाचं आहे."

"नववी पास. दहावीला चार महिने गेले, मग लग्न लागलं. आता काय दाखला पाहिजे का?"

कोणाच्या अपुऱ्या शिक्षणावर मी जन्मात इतका खूश झालो नव्हतो. म्हणालो, "दाखलाच पाहिजे. नववीचा. ट्रंकेतून काढून ठेवा."

लेखनिक म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं. तुम्ही फक्त हात. मूल बोलेल ते लिहायचं. चुकलं तरी चुकलेलंच लिहायचं. आपल्या मनाचा एक शब्द नाही, हं नाही, हुं नाही, चुकचुकणं नाही. लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या मनाचा काना पण जायचा नाही." त्यांनी ते असं म्हटलं, की मला पुढे विचारायचं राहिलंच नाही.

पहिल्या पेपराला पर्यवेक्षकांनी त्यांना दारातच अडवलं. "बाई, पालकांनी गेटच्या बाहेर थांबायचं." लताबाईंनी पत्र पुढे केलं. पर्यवेक्षकांनी पत्र दोनदा वाचलं, नियम काढून बघितले, त्यात वयाचं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी आत सोडलं. समोर बसली होती तृप्ती, कळवणकडची सोळा वर्षांची मुलगी, जन्मापासून दिसत नाही, पण जीभ अशी चालणारी, की पहिल्या अर्ध्या तासात लताबाईंची तीन पानं भरली. लताबाईंच्या हाताला झेंडूचा वास होता. तृप्तीने विचारलं, "मावशी, तुम्ही देवळातून आलात का?" लताबाई काही बोलल्या नाहीत. नियम म्हणजे नियम.

तीन तास गप्प बसायची सवय त्यांना नव्हती. ते सगळं साचलेलं मग गेटबाहेर माझ्या अंगावर यायचं. एकदा तर त्या डोळ्यांत पाणी घेऊनच बाहेर आल्या. मला वाटलं कोणाला चक्कर आली.

"मनोजभाऊ, पोरगं म्हणालं, गोदावरी अरबी समुद्राला मिळती."

"मग?"

"मग काय? नाशकात राहून! रोज गोदेच्या काठानं शाळेत जातंय ते! आन मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, अरबी समुद्र!"

मी त्यांना उसाचा रस पाजला. अर्धा ग्लास झाल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "अरबी!"

अशी सात वर्षं गेली. मार्चमध्ये एक, कधी जुलैच्या परीक्षेला आणखी एक, असे नऊ जणांचे पेपर लताबाईंनी लिहिले. नऊच्या नऊ पास. फुलबाजारात त्यांचं नावच 'दहावीवाली' पडलं. चिमाजी तसे कमी बोलणारे, पण कोणी विषय काढला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "आमची नऊ वेळा दहावीला बसली. एकदा पण निकाल लागला नाय." लताबाई वरवर चिडायच्या, पण त्या दिवशी चिमाजींच्या चहात साखर जास्त पडायची, असं चिमाजींनीच मला सांगितलंय.

सातव्या वर्षी आमच्या लक्षात आलं, की क्लबने या बाईंचा कधी सत्कारच केलेला नाही. आमच्या क्लबने रक्तदान न केलेल्या माणसाचा रक्तदानासाठी सत्कार केलेला आहे, त्यामुळे ही चूक सगळ्यांनाच लागली. जुलैच्या पदग्रहण सोहळ्यात सत्कार करायचं ठरलं. सगळी तयारी माझ्याकडे. मी नेहमीच्या सवयीने फोन करून हारांची ऑर्डर दिली. कोणाला? लताबाईंनाच. सोहळ्याच्या दिवशी पुडकी उघडली तेव्हा एका पुडक्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'लताबाई (शेवंती जास्त)'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र म्हणाल्या, "बरं झालं माझ्याकडंच दिलं. बाजारातले हार लय पोकळ ओवत्यात."

सत्काराला तृप्तीला बोलावलं होतं. आता ती तेवीस वर्षांची, एका बँकेत नोकरी करणारी, पगारातून आईला कळवणला पैसे पाठवणारी बाई झाली होती. ती माइकसमोर आली आणि तिने लताबाईंचं मनापासून कौतुक केलं. तिथेच सगळं बिघडलं.

"आमच्या वसतिगृहात एक गुपित आहे," तृप्ती हसत म्हणाली. "दहावीच्या पोरांना मोठी पोरं सांगतात, की लतामावशी मिळाली तर घाबरू नका. मावशी एक शब्द बोलत नाही. पण उत्तर बरोबर असलं की तिचं पेन सर्रसर चालतं, आणि चुकलं की थांबतं. एकच श्वास थांबतं, मग लिहितं. दिसणाऱ्याला कळायचं नाही, पण आम्हाला ऐकू येतं. पेन थांबलं की आम्ही म्हणायचं, मावशी, हे खोडा, पुन्हा सांगते."

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. टाळ्या. मयूरशेठ तर उभे राहून मोबाइलवर चित्रण करत होते. मीही हसलो. मग माझी नजर लताबाईंकडे गेली. त्या गळ्यातल्या हारावर हात ठेवून बसल्या होत्या आणि समोर कुठेच बघत नव्हत्या.

जेवण सुरू झालं तेव्हा त्या नव्हत्या. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती, वर नारळ.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर करतो तर त्या पायरीवर उभ्या.

"मनोजभाऊ, काल ती पोरगी काय बोलली?"

"कौतुक केलं हो तुमचं."

"मी सात वर्षं चोरी केली, असं बोलली."

"अहो, तुम्हाला कुठे माहीत होतं? पेन आपोआप थांबलं."

"हात कुणाचा?"

मी शटरचं कुलूप खिशात टाकलं. त्या म्हणाल्या, नऊही पोरांचे पेपर परत तपासायला लावा, मी बोर्डाला लिहून देते. माझ्या डोळ्यांसमोर चौकशी, पत्रं, पेपरात बातमी, मयूरशेठचा चेहरा. खोटं कशाला सांगू, मला त्या नऊ पोरांची आठवण नंतर झाली, आधी क्लब आठवला. म्हणालो, "लताबाई, क्लबचं नाव जाईल."

"तुमच्या क्लबचं नाव बॅनरवर हे," त्या म्हणाल्या. "माझं त्या पोरांच्या पेपराबरच्या कागदावर हे. लेखनिक म्हणून सही हे माझी, नऊ ठिकाणी."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. समजावलं, की एक श्वास थांबलेलं पेन कोणी कसं तपासणार? कागदावर ते दिसतच नाही. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाल्या, "बरं. मग माझा फॉर्म भरा. तो बाहेरून बसायचा, सतरा नंबरचा. मी दहावीला बसती."

आधी मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांचा हिशेब पक्का होता. स्वतः परीक्षेला बसायचं. ज्या विषयात आपल्याला काही येत नाही, त्या विषयात आपलं पेन पोरांना काय सांगणार? तिथले मार्क पोरांचे. आणि ज्या विषयात आपल्याला येतं, तिथले... एवढं म्हणून त्या थांबायच्या. त्यांना मनापासून नापास व्हायचं होतं. समोरचा चहावाला कप न्यायला आला तेव्हा आमचं हेच चाललं होतं. तो ऐकून कप न घेताच निघून गेला.

"आणि पास झालात तर?" मी विचारलं.

"तर मी चोर."

"ते सोडा हो. पास झालात तर नियमाने तुम्हाला लेखनिक होता येणार नाही! शुभांगीचं काय?"

शुभांगी ही पेठकडची मुलगी, तेव्हा नववीत होती. तिची दहावी आणखी पावणेदोन वर्षांनी होती, पण वसतिगृहाने आत्तापासून सांगून ठेवलं होतं, की शुभांगीला लताबाईच हव्यात. का हव्यात ते आता कळलं होतं.

"शुभांगीच्या पेपराला माझा हात लागायचा का नाय, तेच तर बघायचं हे," लताबाई म्हणाल्या.

तर अशी एक परीक्षार्थी नाशिकला तयार झाली, जिला नापास व्हायचं होतं, पण मुद्दाम चुकायचं नव्हतं. मुद्दाम चुकणं हे त्यांच्या लेखी पुन्हा खोटंच. अभ्यास पूर्ण करायचा, येतं तेवढं सगळं लिहायचं आणि तरीही नापास व्हायची आशा धरायची. चिमाजींनी हे ऐकलं आणि ते पंप चालू करायला निघून गेले.

तृप्तीला हे कळलं तेव्हा ती रविवारी बसने मखमलाबादला आली. शिकवते म्हणाली. पहिले दोन रविवार लताबाई तिच्याशी बोलल्याच नाहीत. चहा द्यायच्या, पोहे द्यायच्या, पोह्यांवर शेव जास्त घालायच्या, पण बोलायच्या नाहीत. तृप्ती ओट्यावर बसून एकटीच इतिहास सांगत राहायची आणि लताबाई पाठमोऱ्या बसून हार ओवत राहायच्या. तिसऱ्या रविवारी तृप्तीने सांगता सांगता एक सन चुकवला. लताबाईंची सुई थांबली.

"थांबली!" तृप्ती म्हणाली. "ऐकलं मी. सुईसुद्धा थांबते तुझी, मावशी!"

लताबाईंनी आधी तोंड घट्ट मिटलं, मग त्यांना हसू आलं, मग दोघीही इतक्या हसल्या की फुलांची पाटी कलंडली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण इंग्रजी शिकवायचं काम क्लबने माझ्यावर टाकलं होतं.

इंग्रजीचं मात्र काही खरं नव्हतं. तृप्तीनेच सांगितलं, "इंग्रजीला मावशीचं पेन कधीच थांबायचं नाही. आम्ही एकेक अक्षर सांगायचो, ती धडाधड लिहायची. तिथे आमचं आम्हीच." हे ऐकून लताबाईंना जो आनंद झाला तो बघून मी इंग्रजी शिकवण्यात फार जोर लावला नाही. माझा स्वार्थही त्यात होताच. एका विषयात जरी त्या गेल्या असत्या तरी आमचा लेखनिक वाचणार होता.

पण पेनाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. एका रविवारी आम्ही सराव केला. मी धडधडीत चुकीची वाक्यं सांगायची, लताबाईंनी न थांबता लिहायची, तृप्तीने कान देऊन बसायचं.

"महाराष्ट्राची राजधानी मालेगाव," मी म्हणालो.

पेन थांबलं.

"कांदा झाडाला लागतो."

पेन थांबलं, शिवाय लताबाईंनी श्वासही ओढला. देवळ्याला त्यांचं माहेर, कांद्यावर वाढलेली बाई.

"पैठणी नागपूरला विणतात."

"आता बास, मनोजभाऊ," लताबाई म्हणाल्या. "येवल्यात कुणी ऐकलं तर तुम्हाला गावात घ्यायचे नाय. माझा हात नाय चालत खोट्याला. मी काय करू?"

तृप्ती तोवर हाताने चाचपून गजरा ओवत होती. लताबाईंनीच शिकवलं होतं तिला. ती म्हणाली, "मावशी, फूल मोठं असलं तर तू गाठ मोठी मारतेस का?"

"गाठ कशाला मोठी? फूल केवढं पण असू दे, गाठ तेवढीच."

"मग लिहिताना तेच कर. वाक्य खरं असो की खोटं, प्रत्येक वाक्याला एक गाठ. पेन उचल, एक श्वास थांब, मग पुढे. सगळीकडेच थांबलीस तर कोणाला काय कळणार?"

लताबाईंनी मला खूण केली. मी खरी-खोटी वीस वाक्यं मिसळून सांगितली. लताबाई एक वाक्य लिहायच्या, पेन उचलायच्या, श्वास, मग पुढचं. तृप्ती डोकं तिरकं करून ऐकत होती. विसाव्या वाक्यानंतर म्हणाली, "काही कळत नाही. मेलं, एकदम मुकं झालं पेन."

लताबाई कडेचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या. पण त्या म्हणाल्या, "हे पुढचं झालं. मागच्या नऊ पोरांचं काय, ते निकालावर."

मार्चमध्ये त्यांची स्वतःची परीक्षा झाली. पहिल्या पेपराला मी गेटबाहेर उभा होतो, सवयीने उसाच्या रसवाल्याजवळ. बाहेर आल्या त्या आधी अख्खा ग्लास प्यायल्या. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं नुसती बसले. पेन धरून. कुणी सांगंचना."

"म्हणजे?"

"म्हणजे सवय! कोणतरी बोलंल, मग मी लिहीन. मास्तर आले, म्हणे बाई, लिहा की. मंग ध्यानात आलं, की आज आपलंच आपण सांगायचं हे."

निबंध 'माझी शाळा' आला होता. नऊ पोरांच्या नऊ शाळा त्या हाताने लिहिल्या होत्या. दहावी शाळा त्यांची स्वतःची, चार महिन्यांत सुटलेली. काय लिहिलं ते मात्र मला सांगितलं नाही, मी दोनदा विचारलं तरी.

मे महिन्यात निकाल लागला. माझ्या दुकानात कॉम्प्युटरसमोर लताबाई, तृप्ती आणि मागे चिमाजी. चिमाजी शेत सोडून शहरात आले होते, यावरून काय ते समजा. मी नंबर टाकला आणि वाचायला लागलो. इंग्रजी चोवीस. नापास!

मी खुर्चीतून उठलोच. "लताबाई, अभिनंदन!" नापास झालेल्या बाईचं हात जोडून अभिनंदन करणारा मी नाशकातला पहिलाच माणूस असेन. माझा लेखनिक वाचला होता. झेरॉक्सला आलेलं एक गिऱ्हाईक घाबरून बाजूला झालं.

"मराठी वाचा," लताबाई म्हणाल्या.

मराठी त्र्याऐंशी. सामाजिक शास्त्रं एकोणऐंशी.

त्या हळूच माझ्या स्टुलावर बसल्या. चेहरा पार उतरला. "बघा. मला येतंच होतं. म्हणजे मीच सांगितलं. पोरगी बोलत होती आन मी थांबून थांबून सांगत होते." चिमाजी पुढे आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही याचा विचार करत तसेच उभे राहिले. सात वर्षांचं ओझं त्या स्टुलावर बसलं होतं आणि माझ्याकडे फक्त कॉम्प्युटर होता.

मग तृप्ती बोलली. "मावशी, मला मराठीत किती होते सांगू?"

"किती?"

"एकसष्ट."

लताबाईंनी वर बघितलं.

"तू माझ्या समोर बसली होतीस. त्र्याऐंशी तुझ्या डोक्यात होते. मला एकसष्टच पडले. बावीस मार्क तुझ्या मुठीत राहिले, मावशी, ते तू मला दिले नाहीस." तृप्तीचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तुझं पेन थांबायचं तेव्हा मला एवढंच कळायचं, की माझं चुकलंय. बरोबर काय ते कधीच कळायचं नाही. ते मलाच शोधायला लागायचं. कधी सापडायचं, कधी नाही. त्या पोराचा अरबी समुद्र शेवटी अरबीच राहिला ना?"

"राहिला," लताबाई म्हणाल्या. "दोनदा खोडलं त्यानं. आधी म्हणालं हिंदी महासागर, परत अरबी."

"मग?"

लताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची धूळही पुसली. काहीतरी पुसायलाच हवं होतं त्यांना. थांबणं हाही इशाराच होता, हे त्या कधीच विसरल्या नाहीत आणि नाही म्हणाल्याही नाहीत. पण पोरांचे मार्क पोरांचेच होते, एवढं त्या दिवशी त्यांना पटलं. चिमाजी कधी बाहेर गेले ते कळलं नाही, ते पेढे घेऊनच आले. इंग्रजीत चोवीस मार्क पडल्याचे पेढे मी दोन खाल्ले. क्लबच्या ग्रुपवर मी बातमी टाकली, 'आपल्या लताबाई नापास. सेवा पुढे चालू.' मयूरशेठनी अंगठा पाठवला.

जुलैमध्ये इंग्रजीला परत बसता आलं असतं. तृप्ती मागे लागली होती. लताबाई म्हणाल्या, "शुभांगीचं होऊ दे आधी. पास झाले तर तिचं कोण लिहील?" आणि विषय संपला. मी त्यांना बसाच असं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, हे मला त्या वेळीही कळत होतं.

शुभांगीची दहावी पुढच्या मार्चमध्ये झाली. शेवटच्या पेपराला मी गेटबाहेर होतो. शुभांगी काठी आपटत बाहेर आली ती फणफणतच. "मनोजकाका, मला सगळ्या ताईंनी काय सांगितलं होतं! आणि हिचं पेन तर प्रत्येक वाक्याला थांबत होतं! मी आधी घाबरून चार उत्तरं खोडली. मग म्हटलं जाऊ दे, आपलं आपण सांगू." मागून लताबाई येत होत्या, अजून नियम पाळत असल्यासारख्या गप्प. पण चेहऱ्यावर जे होतं ते सत्काराच्या दिवशीही नव्हतं. शुभांगीला पुढे चौपन्न टक्के पडले. लताबाई भेटेल त्याला ते चौपन्न सांगायच्या आणि प्रत्येक वेळी वर म्हणायच्या, "तिचे तिचे हे."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. हातात इंग्रजीचं पुस्तक होतं, कव्हर घातलेलं.

"मनोजभाऊ, आता फॉर्म भरा. इंग्रजीचा."

मी फॉर्म काढला आणि पेन घेतलं. पण हात पुढे जाईना. पुढच्या वर्षी वसतिगृहातून आणखी दोन मुलं बसणार होती, त्यांची नावंही माझ्याकडे आली होती. लताबाई पास झाल्या की मला पुन्हा अकरा शिकलेले हात आणि शून्य लेखनिक. त्या पेन घेतलेल्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"थांबलं," त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज वाटली, की मी तोंड वर केलं नाही. त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "द्या इकडं. तुमचं अक्षर तसं पण वाईट हे." पुढच्या दोन मुलांसाठी त्यांनी फुलबाजारातली एक बाई हेरून ठेवली होती, आठवी पास, अक्षर बरं. तिला गाठी शिकवायचं त्यांनी आधीच सुरू केलं होतं.

मग त्यांनी परीक्षार्थीच्या नावाची चौकट शोधली. लेखनिकाच्या सहीची जागा त्या फॉर्मवर नव्हती. त्यांनी आपलं नाव लिहिलं, मधे वडिलांचं नाही, चिमाजींचं, मग आडनाव, जन्मतारीख, गाव. मी कान देऊन ऐकत होतो. पेन कुठेही थांबलं नाही.